बारशाच्या रात्रीची आकडी

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मे महिना होता. सोलापुरात दुपारी पारा ४२ च्या पुढे जात होता आणि रात्रीसुद्धा भिंती गरम लागत होत्या. पहाटे पावणेतीनला १०८ ची गाडी आमच्या रुग्णालयाच्या दारात थांबली. आत २३ वर्षांची बाळंतीण. कपाळावर हळदीकुंकू तसंच, केसांत चुरगळलेला मोगऱ्याचा गजरा. संध्याकाळी बाळाचं बारसं झालं होतं. पाहुणे जेवून गेले, बायका पाळणा म्हणून पांगल्या, आणि अकराच्या सुमारास हिचा उजवा हात आपोआप उडायला लागला. बघता बघता सगळं अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला. घरात कुणी कांदा नाकाला लावला, कुणी देवऋषाचं नाव काढलं. भावाने मात्र १०८ लावला. त्या पोराचं मला आजही कौतुक वाटतं.

वाटेत ग्रामीण रुग्णालयात तिला उतरवलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'बाळंतपणानंतरचा एक्लॅम्पसिया, मॅगसल्फ दिले'. मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्या आकडीवरचं औषध: चार ग्रॅम शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. बाळंतिणीला आकडी आली तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर रक्तदाब वाढून, लघवीत प्रथिनं जाऊन येणारी आकडी, समजायचा, हे आम्हा सगळ्यांना शिकवलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच दिलं असतं.

आमच्याकडे आली तेव्हा ती हाक मारल्यावर डोळे उघडत होती, नाव सांगत होती आणि पुन्हा गुंगीत जात होती. रक्तदाब १३४/८६. ताप नाही. मान मऊ. लघवीत प्रथिनं जेमतेम. उजवा हात उचलायला सांगितला तर अर्ध्यावर यायचा आणि खाली पडायचा. वीस मिनिटांनी माझ्यासमोरच दुसरी आकडी आली. उजव्या अंगठ्यापासून सुरू झाली, मनगट, कोपर, मग तोंडाची उजवी बाजू, मग सगळं शरीर. लोराझेपाम दिलं, लेव्हेटिरासेटमचा पहिला मोठा डोस सलाइनमधून सोडला. आकडी थांबली.

एका अंगठ्यापासून चढत जाणारी आकडी म्हणजे मेंदूच्या एका ठराविक जागी काहीतरी बिघडलंय. एक्लॅम्पसियात असं होणारच नाही असं नाही. पण रक्तदाब जवळपास ठीक, लघवी जवळपास स्वच्छ, बाळंतपण होऊन बारा दिवस झालेले आणि वर उजवा हात लुळा. एवढं सगळं एका चिठ्ठीत बसत नव्हतं.

डोकेदुखीचा इतिहास

अशा वेळी स्कॅनची घाई होते. स्कॅन करायचाच असतो, पण मशीन गरम होईपर्यंत दहा मिनिटं मिळतात आणि त्या दहा मिनिटांत नातेवाइकांशी बोलता येतं. मी तिच्या आईला विचारलं, "मावशी, हिचं डोकं कधीपासून दुखतंय?"

"पहिल्या दिसापासनं सांगत हुते, कान बांध, कान बांध. दवाखान्यात पंखा डोक्यावर. वारं शिरलं तिच्या डोस्क्यात."

पहिलं बाळंतपण, म्हणून मुलगी माहेरी आलेली. बाळाचे ठोके कमी झाले म्हणून तालुक्याच्या गावी सिझेरियन झालं, पाठीत भूल देऊन. तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. बसली की दुखायचं, आडवी झाली की थांबायचं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे भुलीचं दुखणं आहे, भरपूर पाणी प्या, चहा घ्या, पडून राहा. हे निदानही चूक नव्हतं. पाठीतल्या सुईच्या छिद्रातून मेंदूभोवतालचं पाणी झिरपतं, उभं राहिलं की मेंदू किंचित खाली ओढला जातो आणि डोकं ठणकतं. बहुतेकांचं आठवड्याभरात आपोआप थांबतं. तिचंही सहाव्या-सातव्या दिवशी जवळजवळ थांबलं होतं.

नवव्या दिवशी पुन्हा सुरू झालं. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, ठीक होता. पित्ताची आणि दुखण्याची गोळी दिली. उलट्या होत होत्या, त्यामुळे पित्त हे सगळ्यांना पटलं.

मी विचारलं, "हे दुसरं दुखणं पहिल्यासारखंच होतं का? बसल्यावर जास्त की झोपल्यावर?"

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी उठली की दुखायचं. मागनं झोपली की दुखाय लागलं. पहाटं उठून भिताडाला टेकून बसायची. म्हनायची, आई, आडवं हूववत न्हाई."

माझ्या मते निदान इथेच झालं होतं. पुढचा स्कॅन म्हणजे त्यावरचा शिक्का. बसल्यावर वाढणारी डोकेदुखी उलटून झोपल्यावर वाढायला लागली म्हणजे कवटीच्या आत कमी असलेला दाब आता जास्त झाला आहे. भावाने आणखी एक सांगितलं. दोन दिवसांपूर्वी बाळाला उचलायला वाकली तेव्हा 'डोळ्यापुढं पडदा आल्यागत झालं' म्हणाली होती, क्षणभरच. अशक्तपणा असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

एका डोकेदुखीला बारा दिवसांत चार नावं मिळाली होती: वारं, भूल, पित्त आणि एक्लॅम्पसिया. त्यातलं एकही नाव मूर्खपणाचं नव्हतं. अडचण अशी की नाव पडलं की विचारणं थांबतं. मी स्वतः काही वर्षांपूर्वी अशाच एका बाईला दीड दिवस एक्लॅम्पसियाचे उपचार देत राहिलो होतो. ती वाचली, पण तिची नजर पूर्ण परत आली नाही. तेव्हापासून बाळंतिणीच्या डोकेदुखीत 'झोपल्यावर काय होतं' हा प्रश्न मी चुकवत नाही.

डोळा आणि स्कॅन

ऑप्थॅल्मोस्कोप नावाचं, डोळ्याच्या आत बघायचं हातात मावणारं यंत्र प्रत्येक आयसीयूत असतं आणि बहुतेक वेळा त्याची बॅटरी उतरलेली असते. त्या रात्री सुदैवाने चालू होती. दोन्ही डोळ्यांत मेंदूकडून येणाऱ्या नसेच्या तबकडीची कड पुसट झालेली, एका बाजूला रक्ताची बारीक रेघ. याला पॅपिलेडीमा म्हणतात. आतला दाब काही दिवसांपासून वाढलेला आहे, आज रात्रीच वाढलेला नाही, एवढं त्यावरून कळलं.

साध्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या भागात, वरच्या बाजूला, मध्यरेषेला लागून रक्तस्राव दिसला. भोवती सूज. धमनी बंद झाली की मेंदूचा भाग त्या धमनीच्या हद्दीप्रमाणे काळवंडतो. इथे तशी कोणतीही हद्द नव्हती. मध्यरेषेवर कवटीला टेकलेल्या जागी एक पांढुरका ठिपका होता, म्हणजे रक्त गोठून दाट झालेलं. तिचं हिमोग्लोबिन ८.१ होतं. हिमोग्लोबिन कमी असलं की ही खूण फिकी पडते, म्हणून रेडिओलॉजिस्ट सरांना ती दोनदा दाखवावी लागली. शिवाय मेंदूच्या शिरेत गुठळी झालेली असली तरी साधा सीटी स्कॅन अगदी नॉर्मल येऊ शकतो. 'सीटी नॉर्मल आहे, घरी जा' हे वाक्य बाळंतिणीच्या बाबतीत म्हणूनच धोक्याचं.

सकाळी सहाला एमआरआय आणि त्याच्याबरोबर शिरांचा एमआर व्हेनोग्राम झाला. डोक्याच्या मधोमध कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत जाणारी मोठी वाहिनी, सुपीरियर सॅजिटल सायनस, मागच्या दोन-तृतीयांश भागात बंद होती. हे सायनस नाकाचं नव्हे. मेंदूतलं वापरून झालेलं रक्त गोळा करून मानेकडे नेणारी ही मुख्य मोरी. तिला येऊन मिळणाऱ्या डाव्या बाजूच्या दोन शिराही गोठल्या होत्या. रक्तस्राव नेमका त्यांच्याच हद्दीत होता. डावी आडवी वाहिनीही बारीक दिसत होती, पण ती अनेकांत जन्मतःच बारीक असते. तिथे गुठळी नव्हती. नुसतं व्हेनोग्रामचं चित्र बघून तीही बंद असल्याचा शेरा मारला जातो, म्हणून सोबतचे एमआरआयचे काप तपासावेच लागतात.

निदान: बाळंतपणानंतरचा सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस, आम्ही बोलताना सीव्हीटी म्हणतो. मेंदूच्या शिरांमधली गुठळी. जॉन ॲबरक्रॉम्बी या एडिंबराच्या डॉक्टरने १८२८ मध्ये २४ वर्षांच्या एका बाळंतिणीची हकिकत लिहून ठेवली आहे. साधं बाळंतपण, आणि दोन आठवड्यांनी एकामागून एक येणाऱ्या आकड्यांत मृत्यू. दोनशे वर्षांपूर्वीचा तो कागद आणि आमच्या १०८ ची चिठ्ठी यांत वयाचा आणि दिवसाचा फारसा फरक नाही. फरक उपचारांचा आहे.

बाळंतिणीलाच हे का व्हावं? गरोदरपणात रक्त मुद्दाम गोठायला सज्ज होतं, कारण बाळंतपणात रक्तस्राव होणार हे शरीराला ठाऊक असतं. गोठवणारी द्रव्यं वाढतात, गोठण्याला लगाम घालणारं प्रोटीन एस कमी होतं. बाळ झालं म्हणून ही सज्जता लगेच उतरत नाही. पहिले सहा आठवडे धोका सर्वांत जास्त असतो. त्यात सिझेरियन, त्यात पांढुरकेपणा, म्हणजे कमी हिमोग्लोबिन. शिवाय पाठीच्या भुलीनंतर डोक्यातला दाब कमी झाला की शिरा फुगतात आणि त्यांतलं रक्त मंदावतं. म्हणजे भुलीचं दुखणं हाच पुढच्या गुठळीचा एक दुवा असू शकतो.

आणि त्यात पाणी. मावशींनी नंतर सांगितलं की पाचव्या दिवसापासून घरी आणल्यावर खोलीची खिडकी बंद, बाजेखाली शेगडी आणि दिवसभरात उकळून गार केलेलं दोन-तीन पेलेच पाणी. 'पानी जास्त पेलं की पोट सुटतं, बाळाला सर्दी व्हती.' बाहेर ४२ अंश. दवाखान्यातून 'भरपूर पाणी प्या' हे सांगितलेलं घराच्या उंबऱ्यावरच राहिलं. पण या एका गोष्टीवर सगळा दोष ढकलणं मला पटत नाही. ज्यांच्याकडे पाणी तोडत नाहीत त्यांनाही सीव्हीटी होतो, आणि ज्या आईने मुलीचं पोट सुटू नये म्हणून पाणी मोजलं, तीच आई पहाटे मुलगी भिंतीला टेकून बसते हे बघत जागी होती. दुसरं कुणी बघितलं नव्हतं.

रक्तस्राव आणि रक्त पातळ करणारं इंजेक्शन

सकाळी साडेसातला मी तिचे वडील, नवरा आणि सासरे यांना बसवून सांगितलं: मेंदूत रक्तस्राव झालाय, आणि त्यावर आम्ही रक्त पातळ करणारं औषध देणार आहोत. नवरा पुण्याहून रात्रभर प्रवास करून आला होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही काय बोलताय ते मला कळंना. रक्त वाहतंय आणि तुम्ही ते आणखी पातळ करणार?"

प्रश्न रास्त होता. हाच प्रश्न नर्सने मला आधी विचारला होता आणि आमच्या एका सहकारी डॉक्टरनेही, जरा हळू आवाजात.

मी कागदावर चित्र काढलं. "मामा, मोरी तुंबली की पाणी घरात येतं. घरातलं पाणी पुसत बसलो आणि मोरी तशीच ठेवली तर काय होईल? पाणी येतच राहील. हिच्या डोक्यातली मोरी तुंबलीय. मागे रक्त साचलं, दाब वाढला आणि बारीक नळ्या फुटल्या. गुठळी आणखी वाढली तर आणखी फुटतील." खरं तर हेपॅरिन, म्हणजे आम्ही देणार होतो ते रक्त पातळ करणारं औषध, आधीच झालेली गुठळी विरघळवत नाही. ती वाढू देत नाही, आणि शरीराला ती हळूहळू विरघळवायला वेळ मिळतो. पण त्या घडीला मोरी पुरेशी होती. वडील शेतकरी होते, पाटाचं पाणी कसं अडतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांनी सही केली.

नुसत्या तर्कावर एवढं मोठं पाऊल उचलायची सोय नाही. १९९१ मध्ये जर्मनीत आइनहॉइपल आणि सहकाऱ्यांनी या आजाराच्या २० रुग्णांवर एक चाचणी केली. दहा जणांना हेपॅरिन, दहा जणांना नुसतं पाणी. हेपॅरिनच्या गटात कुणी दगावलं नाही, दुसऱ्या गटात तिघे गेले. फरक इतका उघड होता की चाचणी मध्येच थांबवली. नव्वदच्या दशकातच बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत डॉ. नागराजा आणि सहकाऱ्यांनी खास बाळंतिणींमध्येच हेपॅरिन तपासलं. आपल्याकडच्या बायका, आपल्याकडचा आजार. चाचण्या लहान आहेत हे मान्य. तरी आज जगभरातल्या मार्गदर्शक सूचना एकच सांगतात: मेंदूत रक्तस्राव झालेला असला तरी सीव्हीटीत हेपॅरिन द्यायचं.

तिचं वजन ५८ किलो. एनॉक्सापॅरिन, म्हणजे हेपॅरिनचाच एक प्रकार, ६० मिलिग्रॅम, पोटाच्या कातडीखाली, दर बारा तासांनी. बाराव्या दिवसाची सिझेरियनची जखम त्याला आड येत नव्हती. मला काळजी वेगळीच होती: मॅगसल्फची इंजेक्शनं दोन्ही कुल्ल्यांत खोल दिलेली होती. रक्त पातळ झाल्यावर तिथे आत रक्त साचू शकतं, म्हणून नर्सना दर ड्युटीला तिथे हात लावून बघायला सांगितलं. आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं: कमरेत किंवा दंडात इंजेक्शन देऊ नये.

बाकी उपचार थोडक्यात. मॅगसल्फ पुढे चालू ठेवलं नाही. डोक्याकडची बाजू तीस अंश वर. सलाइन व्यवस्थित, पाणी तोडायचं नाही. मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल अगदी गरजेपुरतं, कारण त्याने शरीरातलं पाणी कमी होतं आणि रक्त आणखी दाट होतं. स्टिरॉइड नाही. मेंदूची सूज म्हटलं की डेक्सामेथासोन लावायची सवय आपल्याकडे अजून आहे, पण सीव्हीटीत त्याचा फायदा दिसलेला नाही. आकडीसाठी फेनिटॉइनऐवजी लेव्हेटिरासेटम, कारण फेनिटॉइन पुढे द्यायच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी, वॉरफॅरिनशी, भांडतं.

भावाचा एक मित्र औषध दुकानात कामाला होता. त्याने फोनवरून विचारलं, तार घालून गुठळी काढतात ना, मग पुण्याला का नेत नाही? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या टू-ॲक्ट चाचणीत ६७ गंभीर रुग्णांमध्ये हेच तपासलं होतं. नुसत्या हेपॅरिनपेक्षा तार घालून जास्त फायदा दिसला नाही. औषध चालू असूनही रुग्ण खालावत असेल तर तो पर्याय विचारात घेतात. मी म्हटलं, आपण अजून तिथे आलेलो नाही.

दुसऱ्या रात्री

मग जवळजवळ तिथे आलो. दुसऱ्या रात्री एकच्या सुमारास ती जास्त गुंगीत गेली. हाक मारून डोळे उघडेनात, चिमटा काढल्यावर उघडायची. डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा किंचित मोठी आहे की मला तशी वाटते, यावर मी आणि नर्सने टॉर्च घेऊन पाच मिनिटं घालवली. पुढचा एनॉक्सापॅरिनचा डोस दोन तासांवर होता.

मेंदूच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर घरून आले. तातडीने पुन्हा सीटी काढला. रक्तस्राव होता तेवढाच. सूज वाढली होती, मध्यरेषा थोडी उजवीकडे सरकली होती. आता दोनच गोष्टी ठरवायच्या होत्या: कवटीचं हाड काढून मेंदूला जागा करून द्यायची का, आणि तीनचा डोस द्यायचा की नाही. हाड काढायचं तर हेपॅरिन थांबवायला हवं. हेपॅरिन थांबवलं तर गुठळी वाढू शकते.

सर्जन सर स्कॅन बघत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बाहुल्या अजून सारख्याच आहेत. चार तास बघू. ऑपरेशन थिएटर तयार ठेवतो." त्या चार तासांत एकदा मॅनिटॉल दिलं आणि श्वासावर डोळा ठेवला. तीनला इंजेक्शन दिलं. डोस देताना माझा हात थरथरला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

सकाळी सातला तिने आपोआप डोळे उघडले. बोलली नाही, पण 'जीभ दाखव' म्हटल्यावर दाखवली. चौथ्या दिवशी तिने पहिला प्रश्न विचारला: "बाळ कुठंय?"

दूध, भाजी, आणि बाकीचे प्रश्न

बाळ बाहेर आजीकडे होतं आणि पहिल्या दोन दिवसांत वाटी-चमच्याने काढलेलं दूध पीत होतं. बालरोगतज्ज्ञ मॅडमनी पहिल्याच दिवशी नर्सकडून दूध काढून घ्यायला सुरुवात केली होती. तसं केलं नसतं तर दूध आटलं असतं आणि गाठी होऊन ताप आला असता, आणि मग आम्ही त्या तापाच्या मागे लागलो असतो. सासूबाईंना वाटत होतं की 'इतक्या औषधाचं दूध' बाळाला देऊ नये. एनॉक्सापॅरिन दुधात नगण्य उतरतं आणि बाळाच्या पोटातून रक्तात जात नाही. वॉरफॅरिनही अंगावर पाजणाऱ्या आईला चालतं. लेव्हेटिरासेटम थोडं उतरतं, बाळ फार झोपाळू होतंय का एवढं बघायचं. पाचव्या दिवशी बाळ तिच्या अंगावर दिलं. उजवा हात अजून नीट चालत नव्हता, म्हणून नर्सने खाली उशी लावून दिली.

गोळीचा प्रश्न आला तेव्हा औषध दुकानातल्या मित्राने पुन्हा फोन केला: नव्या गोळ्यांना तपासणी लागत नाही, मग जुनी वॉरफॅरिन का? त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. नव्या गोळ्यांपैकी डॅबिगाट्रान सीव्हीटीत वापरता येतं, २०१९ ची रिस्पेक्ट-सीव्हीटी चाचणी त्याच्या बाजूची आहे. पण बाळ अंगावर पितं. म्हणून वॉरफॅरिन. सुरुवातीचे दिवस एनॉक्सापॅरिन बरोबर चालू ठेवलं आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं याचं माप, १.३, मग १.९, मग २.४ झाल्यावर, तो दुसऱ्या दिवशीही दोनच्या वर राहिल्यावर इंजेक्शन बंद केलं. लक्ष्य २ ते ३.

घरी जाताना सगळ्यात मोठी चर्चा शेपूच्या भाजीवर झाली. बाळंतिणीला शेपू, मेथी, मेथीचे लाडू, अळीव हे सगळं द्यायचं असतं, आणि कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं की वॉरफॅरिनवर हिरव्या भाज्या 'पूर्ण बंद'. हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाळंतिणीच्या हिरव्या भाज्या बंद! मी सांगितलं: मावशी, शेपू द्या, मेथी द्या, पण रोज साधारण तेवढीच द्या. एका आठवड्यात रोज पेंढी आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही, असं करू नका. भाजीतलं व्हिटॅमिन के गोळीच्या विरुद्ध काम करतं. प्रमाण सारखं राहिलं तर गोळी त्याला जुळवून घेता येते. बाळंतकाढा मात्र थांबवला. त्यात काय काय आहे आणि त्याने आयएनआर कुठे जाईल याचा अंदाज मला बांधता येत नाही.

लोह शिरेतून दिलं. बी-१२ कमी निघालं आणि रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढलेलं. घर माळकरी, मांसाहार नाही, अंडंही नाही. होमोसिस्टीन वाढलं की रक्त गोठायला आणखी एक निमित्त मिळतं. बी-१२ ची गोळी दिली, इंजेक्शन नाही, कारण पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलेलं होतं. प्रोटीन एस तपासायचा आग्रह पुण्याहून आला होता. बाळंतिणीत ते कमीच येणार आणि हेपॅरिन-वॉरफॅरिनवर असताना गोठण्याच्या बऱ्याच तपासण्या फसव्या निघतात, म्हणून तो खर्च करू दिला नाही. अँटिफॉस्फोलिपिड, म्हणजे गुठळ्या करवणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली.

अकराव्या दिवशी ती चालत गेली. हातात बाळ नव्हतं, ते आजीकडे. उजव्या हाताची पकड कमी होती.

सहा महिने

निमित्त तात्पुरतं, म्हणजे बाळंतपण, असलं की गोळी तीन ते सहा महिने. आम्ही सहा महिने दिली. आयएनआर सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्याला. एकदा ४.१ आला. गुडघेदुखीसाठी शेजारच्या बाईने तिला 'चांगली गोळी' दिली होती. नशिबाने फक्त हिरड्यांतून रक्त आलं होतं.

दर भेटीला मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवत होतो, कारण आतला दाब बराच काळ वाढलेला राहिला तर नजर हळूहळू जाते आणि रुग्णाला उशिरा कळतं. तिसऱ्या महिन्यात तबकडीची सूज उतरली. हाताची ताकद परत आली, पण बोटांचं कसब मागे राहिलं. ती म्हणाली, भाकरी थापताना कड जाड राहते. फिजिओथेरपिस्टने तिला खडूने पाटीवर गिरवायला लावलं. ती म्हणाली त्यापेक्षा मी भाकरीच थापते, रोज चार जास्त. ते जास्त बरं होतं.

साडेपाच महिन्यांनी व्हेनोग्राम पुन्हा काढला. मोठी वाहिनी बरीचशी मोकळी झाली होती, मागच्या टोकाला एक अरुंद जागा शिल्लक. नवऱ्याला ती अरुंद जागा बघून पुन्हा घाम फुटला. चित्र पूर्ण स्वच्छ व्हायलाच हवं असं नाही, रक्ताने बाजूच्या वाटा धरलेल्या असतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ६२४ रुग्ण होते. त्यातले जवळपास ७९ टक्के पूर्ण किंवा किरकोळ तक्रार सोडता जवळजवळ पूर्ण बरे झाले. त्याच अभ्यासात निम्म्या लोकांचं निदान व्हायला एक आठवडा किंवा त्याहून जास्त लागला होता. आमच्या मुलीचं, दुसरं दुखणं सुरू झाल्यापासून मोजलं तर, चौथ्या दिवशी झालं. आकडी आली म्हणून झालं, हेही खरं.

गोळी बंद करायच्या दिवशी ती एकटी आत आली. तिला विचारायचं होतं की दुसरं मूल होऊ शकतं का. होऊ शकतं. पण दिवस गेल्याचं कळलं की लगेच यायचं. गरोदरपणभर आणि नंतरचे सहा आठवडे पोटातलं लहान इंजेक्शन रोज घ्यावं लागेल. माला-एनसारखी इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी कधीच नाही. पूजेसाठी, लग्नासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानात सहज मिळतात, त्याही नाहीत. पांढुरकेपणा भरून येईपर्यंत तांबी बसवायची घाई नको, पाळीला जास्त जातं. सध्या निरोध.

हे सगळं मी एका जाड कागदावर मराठीत लिहून दिलं: आजाराचं नाव, तारीख, कोणतं औषध चाललं, काय कधीच घ्यायचं नाही, पुढच्या बाळंतपणात डॉक्टरांना पहिल्या दिवशी काय सांगायचं. ती तो कागद दोनदा वाचून म्हणाली, "सर, अजून एक लिहून द्या. एक सासरी ठेवते, एक आईकडं. बाळंतपणाला कुठं असंन, काय सांगावं."

मी दुसरा लिहून दिला.